चादरीची चार टोकं

भाऊ, धाकटे, आठवतं? गच्चीवर वाळलेली मोठी चादर काढायची असली की आई तुम्हा दोघांना पाठवायची. तुम्ही दोन-दोन टोकं धरायचात, ताणायचात आणि मग एकमेकांकडे चालत यायचात. भाऊ नेमका शेवटच्या पावलाला टोकं सोडून द्यायचा आणि धाकटी किंचाळायची, "ताई, बघ ना गं याला!"

वकीलसाहेबांना हे मृत्युपत्रात नको होतं. मी म्हटलं, राहू द्या, इच्छा माझी आहे.

तर मी, परराष्ट्र खात्याच्या ध्वजभांडाराची निवृत्त प्रमुख, अविवाहित, डोकं ठिकाणावर आणि हात अजून स्थिर असताना, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर आपल्या मर्जीने हे लिहून ठेवते. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम एक. माझी जड इस्त्री भांडारातल्या शिंप्याला द्यावी. पाहुण्या देशांचे झेंडे सांभाळणं हे आमचं काम. आपला देश मोठा, त्यामुळे त्याची मैत्रीही मोठी आणि रागही. ज्याच्याशी बिनसलं, त्याचा झेंडा दारातून उतरायचा. असा पहिला झेंडा मी चिंध्यांत टाकायला निघाले, तर तेव्हाच्या प्रमुखबाई ओरडल्या, "फेकतेस काय? परत मागतील. मग बस शिवत!" तेव्हापासून रीत शिकले. रुसलेल्या देशाचा झेंडाही दरवर्षी उन्हात धरायचा, डांबरगोळ्या बदलायच्या, आणि मोठ्या झेंड्याची घडी कधी एकटीने घालायची नाही, तो जमिनीला टेकतो. समोरची टोकं शिंप्याने धरली, म्हणून इस्त्री त्याची.

कलम दोन. माझी सारी बचत धाकटीच्या मुलीच्या शिक्षणासाठी. ती आपल्याच देशाच्या परराष्ट्र धोरणाचा इतिहास लिहिते आहे. एकदा फोनवर म्हणाली, "मावशी, तह वाचले, बहिष्कार वाचले. पण धोरण बदललं हे तुम्हा लोकांना कळायचं कसं?" म्हटलं, "बाळा, पेपराच्या आधी कळायचं. वरून निरोप यायचा, अमक्याला इस्त्री करा." जिथे आपण तळ उभारले, जिथे फौजा उतरवल्या आणि जिथून त्या गुपचूप परत आणल्या, त्या सगळ्यांचे झेंडे माझ्या हातून गेले. ज्यांना शस्त्रं दिली, त्यांच्यावरच पुढे आपली रोखली. कपाट मात्र तेच होतं.

कलम तीन. एका मेजवानीला स्वतः झेंडा उलटा लावून माझ्यावर खापर फोडणाऱ्या उपसचिवांना काहीही देऊ नये. भेटायला आले तर चहा द्यावा. बिनसाखरेचा.

कलम चार. घर. धाकटी लग्न करून नदीपलीकडच्या देशात गेली, तेव्हा तो मित्र होता. पुढे बिनसलं आणि आपल्या फौजा तिथे गेल्या, त्यांत भाऊही होता. आपल्या विमानांनी तिच्या नवऱ्याचा दवाखाना पाडला, तो आत होता. तिथल्या सुरुंगाने भाऊचा पाय नेला. दोघांचं बोलणं तिथेच तुटलं. कालांतराने तह झाला. त्या देशाचा झेंडा मी स्वतः इस्त्री करून दिला आणि धावत घरी येऊन भाऊला सांगितलं. तो म्हणाला, "सरकारचं काय जातं हात मिळवायला? पाय माझा गेलाय." धाकटी फोनवर म्हणाली, "माझं माणूस गेलं, ताई. मी का आधी बोलू?"

दोघांचंही खरं, म्हणून मी कोणालाच रागावले नाही. पण दर रविवारी माझा धाकटीला फोन झाला की भाऊ पेपराआडून विचारतो, "तिकडे थंडी आहे का?" आणि ती फोन ठेवता ठेवता विचारते, "त्याचा नवा पाय टोचत नाही ना?" इतकी वर्षं हे दोन प्रश्न मी पोचवले. माझ्यामागे ते कोण पोचवणार, एवढीच मला काळजी आहे.

म्हणून घर दोघांना निम्मं-निम्मं. भाऊला जिना चढवत नाही, तेव्हा खालचा मजला त्याचा आणि वरचा धाकटीचा. जिना एकच आहे, घरातून जाणारा. मध्ये दार बसवू नये.

कलम पाच. माझ्याकडच्या घराच्या किल्ल्या शेजारच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे राहतील. आता पुलावरून बस येते, धाकटीने त्या बसने यावं. माझ्या पलंगावरची पांढरी चादर आईचीच आहे. ती धुऊन गच्चीवर वाळत घालावी. दोन टोकं भाऊने धरावीत, दोन धाकटीने. त्या दिवसापुरता भाऊने जिना चढावा, हवं तर सावकाश. साक्षीदारांनी मदत करू नये. भाऊने या खेपेस टोकं सोडू नयेत. सोडलीच, तर धाकटीने खुशाल ओरडावं, ताई नसली तरी.

घडी झाली की चादर भाचीला द्यावी, आणि मग किल्ल्या दोघांना.

सही: ताई
साक्षीदार: शेजारच्या डॉक्टरीणबाई, भांडारातला शिंपी
स्थळ: माझं जेवणाचं टेबल, खिडकीकडची बाजू
तारीख: आजचा रविवार, फोन झाल्यानंतर. तिकडे थंडी आहे.