एकदाच विचारलं

खुजंद, १० जून, मंगळवार

प्रिय मावजूदा आपा,

सलाम. तब्येत कशी आहे, गुडघे काय म्हणतात, जिन्यातले दिवे लागतात का, शेजारी नीट वागतात का? एका दमात एवढं विचारायची आपली रीतच आहे, आणि उत्तरासाठी कोणी थांबत नाही. पण या वेळी मी खरंच विचारतेय. तुझा गुडघा डावा दुखतो की उजवा, हेही मला सात वर्षांत कळलेलं नाही.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. ते घेऊन येणारी उंच, पिवळ्या केसांची बाई तुझ्या ओळखीची आहेच. नाव हेल्मी, गाव तिकडे फिनलंडमध्ये. तुझ्या मेहुण्याच्या, होशिमच्या, ओळखीतल्या एका प्राध्यापकांनी तिला दोन महिन्यांसाठी आमच्याकडे ठेवलं, आपली भाषा शिकायला. घरात कोणी मोठ्यानं बोललं की तिला वाटतं भांडण पेटलं. आणि होशिम तर मीठसुद्धा ओरडूनच मागतो! पहिले तीन दिवस ती बिचारी जेवताना माझा हात धरून बसायची.

तिच्याकडे एक वही आहे. आपल्याबद्दल जे दिसेल ते त्यात लिहिते आणि जेवताना वाचून दाखवते. ‘इथे सोन्याचे दात असलेली माणसं जास्त हसतात.’ ‘इथे बसवाला छातीवर हात ठेवून माफी मागतो आणि तरी गाडी पुढे दामटतोच.’ ‘इथे नान पालथा ठेवला तर तो सुलटा करायला घरातले सगळे हात एकदम पुढे येतात.’ होशिम हसून हसून गादीवरून खाली घसरतो.

दूधवालीनं पहिल्या सकाळी दारात तिला विचारलं, कशी आहेस, आई कशी, भाऊ कसा, काम कसं. ही आपली क्रमानं उत्तरं द्यायला लागली. आईच्या कमरेचं ऑपरेशन, भावाचा घटस्फोट, काही म्हणून सोडलं नाही. दूध उन्हात नासायची वेळ आली. शेवटी दूधवालीचेच डोळे भरून आले, म्हणाली, “मला इतकं कुणी कधी सांगितलं नव्हतं गं.”

आणि चहा! आपल्या गल्लीत येणाऱ्याजाणाऱ्याला सगळेच म्हणतात, या, चहा घेऊन जा. ही जाते. एका आठवड्यात अकरा घरं झाली. कोपऱ्यावरच्या न्हाव्यानं सवयीनं म्हटलं, तर ही आत जाऊन खुर्चीवर बसली. गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच ठेवून त्याला चहाचं आधण ठेवावं लागलं.

पण खरी मजा ओयनिसोची झाली. ओयनिसो म्हणजे आमच्या पलीकडे नवीन राहायला आलेली, तू तिला पाहिलेलं नाहीस. गेल्या गुरुवारी ती आली तेव्हा मी तंदूरपाशी होते. हेल्मीनं खिमा भरलेल्या गरम सांबुशांची थाळी तिच्यापुढे धरली. ओयनिसो म्हणाली, “नको नको, आत्ताच जेवून आलेय.” हेल्मीनं मान हलवली आणि थाळी उचलून आत नेली. झाकून ठेवली! ओयनिसो तोंड उघडं टाकून बसली. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं की सनोबरच्या घरी पाहुण्याच्या तोंडचा घास काढून घेतात.

मग मी पुलावाची गाजरं चिरता चिरता हेल्मीला समजावलं. म्हटलं, “अगं, पहिल्यांदा ‘नको’ म्हणायचं ते रीत म्हणून. दुसऱ्यांदा म्हणायचं ते संकोचानं. तिसऱ्यांदा विचारल्यावर माणूस जे सांगेल ते खरं.”

तिनं ते वहीत लिहून घेतलं. मग पेन गालाला लावून मला म्हणाली, “मग ज्याला तुम्ही एकदाच विचारलंत, त्याला काय हवं होतं ते तुम्हाला कसं कळलं?”

आपा, उरलेली गाजरं मी चिरलीच नाहीत. डोकं दुखतंय म्हणून आत जाऊन पडले.

आणि रविवारी ही पुलापलीकडच्या बाजारातून संध्याकाळी परत आली ती जर्दाळूच्या मुरांब्याची बाटली घेऊनच. म्हणाली, “जर्दाळू निवडायला एका बाईंनी मदत केली, मग म्हणाल्या चहाला चल, मी गेले. चौथा मजला. भिंतीवर तुमच्याकडे आहे तोच म्हाताऱ्या आजींचा फोटो.” मी विचारलं, माझ्याबद्दल काही म्हणाल्या का? हेल्मी खोटं बोलत नाही, तिला येतच नाही. म्हणाली, “एवढंच विचारलं, सनोबर अजून पुलावात गाजरं जास्त घालते का?”

मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले. मुरांबा दोन दिवसांत संपला. मीच संपवला.

मोहल्ल्याला अजून वाटतं, आपण आईच्या गालिच्यावरून भांडलो. वाटू दे. आपण भांडलोच नाही, हे तुला ठाऊक आहे. सात वर्षांपूर्वी, आई गेल्यावर चाळिसाव्या दिवशी अंगणात ताटं विसळताना मी म्हटलं, “आपा, एकटी कशाला राहतेस? आईची खोली आहे, इथेच ये.” तू म्हणालीस, “नको गं, माझं तिकडे बरं चाललंय.” आणि मी म्हणाले, “बरं.” लगेच! हातातलं ताटसुद्धा खाली ठेवलं नाही.

ओयनिसोला एका सांबुशासाठी मी पाच-पाच वेळा आग्रह करते. सख्ख्या बहिणीला एकदा विचारलं, आणि खरं सांगते, तुझं नको ऐकून मला हायसं वाटलं. होशिम चिडका, मुलगी लग्नाला आलेली, आणि तू आलीस की माझ्या प्रत्येक पातेल्यावरचं झाकण उचलून बघणार, असं मनात आलं. ते हायसं वाटणं तुला माझ्या तोंडावर दिसलं. तीस वर्षं शाळेत पोरांचे चेहरे वाचलेस, माझा कसा सुटेल? गालिचा तर तू मागितलाही नव्हतास.

मुलगी आता सासरी सुखात आहे. होशिम चिडकाच आहे, पण हे पत्र लिहायला त्यानंच मला बसवलं. हेल्मी शुक्रवारी सकाळी जाते. खोली रिकामी होतेय म्हणून बोलावत नाहीये. खोली भरलेली असती तरी मी माझी गादी ओसरीवर टाकली असती.

आपा, राहायला ये. हे मी दुसऱ्यांदा विचारतेय.

उत्तर लिहूनच दे. हेल्मीला तोंडी ‘नको’ म्हणालीस तर ती तेच खरं धरून परत येईल.

झाकणं उचलून बघायला तुझी वाट पाहणारी,
सनोबर


खुजंद, ११ जून

सनोबर,

पत्र पोचलं. गुडघा डावा.

तुझी हेल्मी माझ्यासमोर बसून चौथा पियाला चहा पितेय. मी जा म्हणत नाही, ती जात नाही. पोरगी चांगली आहे.

तू विचारलंस त्याचं उत्तर: नको. माझं इथे बरं चाललंय. तुझ्या घरी पहाटेपासून कोंबडा आणि होशिम दोघंही ओरडतात. आणि मुरांबा एकटीनं खाल्लास, होशिमला बोटभरही दिला नाहीस, यावरून तू अजून सुधारलेली नाहीस हे दिसतंच आहे.

शुक्रवारी तीननंतर मी घरीच आहे. सात वर्षं घरीच होते.

यायचंच असेल तर टॅक्सीनं येऊ नकोस. होशिमला गाडी काढायला सांग, आणि मागची सीट आडवी करून आणा. माझं शिवणयंत्र उभं मावत नाही.

तुझी आपा,
मावजूदा