चपट्या पायांची कुर्ली

गुरुवार, संध्याकाळ

अजून राग गेलेला नाही. काल हेडमास्तरांनी चौथीतल्या सायलीचं कुर्लीचं चित्र वर्गासमोर धरलं आणि लाल पेनाने त्यावर फुली मारली. "खेकड्याचे मागचे पाय चपटे? पुस्तकात बघून काढ." मी तिची वर्गशिक्षिका, बाजूलाच उभी होते आणि गप्प राहिले. का?

पोर रडली नाही. एवढंच म्हणाली, "पण सर, कुर्ली तेंनीच पोवता."

बापाच्या जाळ्यातून रोज कुर्ल्या सोडवते ती. पोहणारे ते चपटे पाय तिने बघितलेत, आम्ही नुसतेच चोखले.

आज बाजारातून जिवंत कुर्ली आणली आणि पालकसभेत सगळ्यांदेखत हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवली. "सर, मागचे पाय कसे आहेत, सांगा ना." सरांनी खुर्ची मागे ओढली. सायलीचा बाप हसत म्हणाला, "चपटेच आसत, सर." सगळी सभा हसली. सर लालबुंद! काय बरं वाटलं मला!

मग सायलीला तिचं चित्र परत द्यायला गेले. तिने नवं काढून ठेवलं होतं. सगळे पाय टोकदार, हुबेहूब पुस्तकातले. "सरांका असांच होया," म्हणाली.

हे मात्र मी त्यांना माफ करणार नाही.