भिंतीपलीकडचं प्रस्थान

अमरावती, फाल्गुन वद्य पंचमी, शके १७८६

राजमान्य राजेश्री रंगोपंत व्याहीबुवा, मुक्काम अचलपूर, यांच्या चरणी चिंतामण जोशी याचा साष्टांग नमस्कार. आपली प्रकृती, विशेषतः डावा कान, कसा आहे ते कळवावं. सौ. दुर्गाबाई विहीणबाईंनाही नमस्कार (त्या घेत असतील तर). इथं मी खुशाल आहे. खुशाल आहे असं सगळेच लिहितात. माझ्याजवळ सरकारी शिक्क्याचा दाखला आहे, आणि तसा माझ्या अख्ख्या गल्लीत दुसऱ्या कुणाजवळ नाही.

पत्र केवळ आभाराचं आहे. मागणं काही नाही, तसा संशय नसावा. ज्याच्या टाळक्यात मी तांब्या घातला, त्यानंच जामीन राहून मला अकोल्याच्या वेड्यांच्या इस्पितळातून सोडवावं, याचे आभार कोणत्या तोंडानं मानू? त्या वर्षी कापसानं साऱ्या वऱ्हाडाची झोप उडवली होती. आडते, दलाल, शेतकरी, जो तो माझ्या ओसरीवर: महाराज, गाडी कधी भरू, माल कधी विकू, अमेरिकेतली लढाई कोणत्या नक्षत्रावर थांबेल? (त्या लढणाऱ्यांच्या पत्रिका मी कुठून आणू, बाप्पा!) आधी झोप गेली, मग डोकं गेलं, आणि दिवाळसणाला आपण लाल पगडी घालून आलात तेव्हा साक्षात मंगळ माझ्या ओसरीवर पाय पसरून बसलाय असंच मला दिसलं. पुढचं आपल्याला ठाऊक आहे. माझी रमा, आपली सून, फराळाचं ताट घेऊन तिथंच उभी होती. कोर्टानं सांगितलं, गुन्हा नाही, कारण माणूस वेडा आहे. आणि घरी जाता येणार नाही, तेही त्याच कारणानं.

इस्पितळात मी बरा झालो. कसा, ते डाक्तरलाही सांगता येत नाही. माझ्या मते तिथं मुहूर्त विचारणारं कुणी नव्हतं. (दोघेजण तर स्वतःच परमेश्वर होते, त्यांना मुहूर्ताची गरज नव्हती.) मग डाक्तर म्हणाला, शनिवारी कमिटी बसेल, जामीन आला की तू मोकळा. आली का पंचाईत! अकोल्याहून अमरावती पूर्वेला, आणि शनिवारी पूर्वेला दिशाशूल. जन्मभर लोकांना ज्या दिवशी निघू दिलं नाही, त्या दिवशी मी स्वतः कसा निघू? शुक्रवार चांगला होता. तेव्हा आपण सगळे करतो तेच केलं. अडचणीचा दिवस आडवा आला की आधीच्या मुहूर्तावर सुपारी-अक्षता फडक्यात बांधून शेजाऱ्याकडे प्रस्थान ठेवायचं, म्हणजे आपण निघालोच. पण मला तिथं शेजारी कुठला? म्हणून पुरचुंडी भिंतीवरून बाहेर टाकली. ती लागली कमिटीच्या साहेबाच्या घोड्याला. घोडं उधळलं, साहेब बाभळीत. पहारेकरी नत्थुजी धावत आला, "महाराज, काहून फेकून राहिले हे? उद्या तं सुटून राहिले ना तुमी!"

दुसऱ्या दिवशी साहेबानं विचारलं, काल हे काय चालवलं होतंस? मी खरं तेच सांगितलं: साहेब, मी कालच निघालो, फक्त अजून इथं आहे. (लिहिताना मलाही हे बरं वाटत नाही.) साहेबानं लेखणी दौतीत बुडवली. ती कागदावर टेकती तर मी कायमचा तिथलाच. तेवढ्यात आपण उठलात, पगडी सावरलीत (या खेपेला पांढरी होती, पंत, माझ्या लक्षात आलं) आणि म्हणालात, "साहेब, हा शहाणा झाला. वेडा असता तर शनिवारी पूर्वेला निघाला असता." साहेबानं शिरस्तेदाराकडे पाहिलं. तो खाली मान घालून म्हणाला, त्याचंही नागपूरचं प्रस्थान शेजारी ठेवलेलं आहे. दारातल्या चपराश्याच्या मामाचंही होतं. साहेब कपाळाला हात लावून बसला, आणि त्यानं सही केली.

रविवारी आपण मला बैलांच्या दमणीत घालून घरी पोचवलंत. वाटेत माझ्या खांद्यावर मान टाकून चक्क घोरलात! एवढा मान मला आजवर कुणी दिलेला नाही. मी सबंध वाट खांदा हलू दिला नाही. उतरताना रमा कशी आहे असं विचारलं, तेव्हा आपला डावा कान माझ्याकडे होता, म्हणून ऐकू आलं नसावं. पुन्हा विचारायचा धीर झाला नाही.

लोभ असावा असं लिहायची सोय आपण ठेवली नाहीत. तो माझ्या लायकीपेक्षा जास्तच आहे.

आपला,
चिंतामण

ता. क. विहीणबाईंना सांगावं, तो तांब्या मी देवळात देऊन टाकला. आता द्रोणानं पाणी पितो. त्यानं कुणाला लागत नाही.

पुन्हा ता. क. मागणं काही नाही असं वर लिहिलं, ते खोटं. पत्र आणणाऱ्याजवळ एक पुरचुंडी आहे. सुपारी, अक्षता, हळकुंड. ती रमेच्या हाती द्यावी. तेच माझं प्रस्थान. तिनं ते देवापाशी ठेवून घेतलं, तर मी निघालो. परत पाठवलं, तर मी कुठं निघालोच नव्हतो, आणि पोरीवर माझा राग नाही. मुहूर्त मात्र या खेपेला पाहिलेला नाही. अचलपूर उत्तरेला, आणि मंगळवारी उत्तरेला दिशाशूल असतो. पण तिनं मंगळवारी ये म्हटलं, तर मंगळवारी निघेन. मग साहेबानं हवं ते लिहावं.