मागच्या खिशांची पँट

आई, आज माळा आवरताना तुझी पँट सापडली आणि मी स्टुलावर उभ्या उभ्या इतकी हसले की खाली उतरून बसावंच लागलं. आता हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

तू सिंधी वस्तीतल्या कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या कारखान्यात होतीस. लोकांना वाटायचं तू जीन्स शिवतेस. कुठली जीन्स! तू फक्त मागचा खिसा शिवायचीस. चेन दुसरी लावायची, पट्टा तिसरी, पुढचे तिरके खिसे दारापाशी बसणारी बाई करायची, आणि तुझ्या मशीनवर वर्षानुवर्षं मागचा खिसा. बदलापूरला घरी येऊन जेवायला बसलीस तरी तुझा उजवा पाय पायडल मारल्यासारखा हलत असायचा. मी अकरावीत असताना आमच्या कॉलेजची पोरं बदलापूरहून पायी भीमाशंकरला निघाली, मुक्काम करत करत, शेवटी घाट चढून अभयारण्यातून. मी नाव दिलं. तू म्हणालीस, "एकटी? पोरांबरोबर? मग मी पण येणार." बाबा तेवढ्यात पाळीवरून आले होते. ते म्हणाले, "अगं, आपण बुद्धवंदना म्हणणारी माणसं, देवळात काय काम आपलं?" "देऊळ कोण बघतंय?" तू म्हणालीस, "मला जंगल बघायचंय. रोज तो चंदेरीचा सुळका दिसतो, त्याच्याशिवाय आणखी काय आहे ते तरी कळू दे." बाबा हसले आणि म्हणाले, "जा गं दोघी. मी भात लावून घेईन."

पण आमच्या सरांची अट होती, शिडीच्या घाटात साडी चालणार नाही. झालं, तुझं जंगल साडीवर अडकलं. तू कारखान्यातले उरलेले तुकडे मागून घेतलेस आणि सुट्टी झाल्यावर तिथंच मशीनवर जन्मात पहिल्यांदा अख्खी पँट शिवायला बसलीस. पुढचे खिसे तुला कधी करायलाच मिळाले नव्हते, म्हणून पुढेही तू मागचेच लावलेस, तसेच चौकोनी, तशीच दुहेरी शिलाई. शेठनं ती उचलून उलटसुलट करून पाहिली. "अरे बाई, ये आ रही है के जा रही है?" सगळा कारखाना हसला, तूही हसलीस. पण निघालो त्या सकाळी तू पँटीवर साडी नेसलीस आणि म्हणालीस, "वेळ आली की बघू."

नेरळ, कशेळे, खांडस. तू पोरांच्या पुढं चालतेस, वाटेतल्या बायकांशी गप्पा मारतेस, सगळ्यांना गूळशेंगदाणे वाटतेस. आणि मग ती शिडी येते. सर म्हणतात, "ताई, आता साडी सोडा, नाहीतर इथूनच परत." तू शिडीचा गज धरून उभी. मागं सगळी रांग खोळंबलीय. "चार लोक बघतात गं," तू माझ्या कानात म्हणतेस. शेठकडे पगारवाढ मागायला जाताना तू स्वतःशी जे पुटपुटायचीस, ते मी तुलाच ऐकवते, "भीड भिकेची बहीण!" "गप ए शहाणे," म्हणून तू दगडाआड जातेस, साडी माझ्या अंगावर फेकतेस आणि चढायला लागतेस. खालून एक पोरगा ओरडतो, "मावशी, एकदम सही!" तू वळूनसुद्धा बघत नाहीस. माझ्या छातीत आनंद मावत नव्हता, आई.

वर झाडी दाट झाली, गारवा आला. एका उंच फांदीवर शेकरू धावलं, लांबलचक झुपकेदार शेपटीचं. तू मान वर करून बघत राहिलीस आणि तुझे दोन्ही हात आपसूक खिशात गेले. मग खाली बघून तू केवढ्यानं म्हणालीस, "अगं, हात आत गेले!" हजारो खिसे शिवलेस, पण साडीला कुठला आलाय खिसा? पुढची सगळी वाट तू हात खिशात घालून चाललीस. मग त्यात आवळे भरलेस, इतके की मांड्या फुगल्या. "बघ, एक टाका उसवला नाही," हे सरांनाही सांगून झालं. परत आलो तेव्हा गल्लीच्या तोंडाशी मी विचारलं, साडी देऊ का? "कशाला? माझ्या हातची आहे," म्हणालीस आणि तशीच शिरलीस, शेजारणींना आवळे वाटत.

आज मी तुझ्या तेव्हाच्या वयाहून मोठी आहे. पँट घालून आरशासमोर उभी राहिले, हात खिशात घातले. बरोबर बसले. तू जाऊन किती वर्षं झाली, पण आरशात बघून मीच जोरात म्हटलं, "बाई, ये आ रही है के जा रही है?" हे सगळं तुला लिहिलेला हा कागद आता कुठं टाकू? राहू दे पुढच्या खिशात, म्हणजे मागच्याच. आणि एक कबूल करते, कुणाला सांगू नकोस. कमरेचं बटण लागलं नाही.