परांची आहे तोवर

अनोळखी आजी,

नियमामुळे हॉस्पिटलवाले 'एक आजी' एवढंच सांगतात, नाव नाही, म्हणून हे पत्र माझ्याजवळच राहणार. खुबा बदलताना निघालेलं हाड तुम्ही दान केलंत. दोन ऑपरेशनं होऊनही माझ्या मांडीचं हाड जुळत नव्हतं, तिथे ते बसवलं, आणि आज मी कुबड्यांशिवाय सात पावलं चालले!

डॉक्टर म्हणाले, "हे हाड म्हणजे परांची."

मी इंग्लिश मीडियमवाली. विचारलं, "परांची म्हणजे औषधाची गोळी का?"

माझे बाबा गवंडी, त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं, भिंत बांधताना मी ज्यावर उभा राहतो ती!"

तुमच्या हाडाच्या आधाराने माझं वाढतंय. तुमचं हळूहळू विरघळून सगळं माझंच होणार म्हणे. कसलं भारी! पण मग थँक्यू कुणाला म्हणू? म्हणून तुम्ही माझ्यात आहात तोवरच लिहितेय.

तुमची,
हाडाची नात