सेड्रिकचे डबे आणि वाघिणी कोणाच्या हाती द्याव्यात

मी, विनिफ्रेड गार्सायड, कै. सेड्रिक गार्सायड यांची पत्नी, वय एक्याऐंशी, राहणार स्किप्टन, यॉर्कशर, असे लिहून ठेवते की माझा हात थोडा कापत असला तरी डोके ठिकाणावर आहे आणि हे मृत्युपत्र मी कोणाच्याही सांगण्यावरून करत नाही. यापूर्वीची मृत्युपत्रे रद्द समजावीत. विशेषतः मागचे, ज्यात घरातली सगळी छोटी आगगाडी भंगारात घालावी असे मी लिहिले होते.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक माझी भाची हिलरी हिला मिळावी. सासूबाईंचा चहाचा संच नणंद ऑड्री हिला देऊ नये. माझ्या लग्नापासून तिचा त्यावर डोळा आहे. तो चर्चच्या विक्रीत ठेवावा आणि विकला गेल्यावर तिला कळवावे.

२. माडीवरच्या मागच्या खोलीतील छोट्या आगगाडीविषयी जरा सविस्तर लिहिणे भाग आहे. सेड्रिक पोस्टात होता. जेवण आटोपले की तो मालगाडीच्या वाघिणी घेऊन बसे. नव्याकोऱ्या वाघिणीवर गंज चढलेला दिसावा म्हणून तासन्‌तास रंग लावी. माझ्या नव्या कोटाकडे त्याने तेवढा वेळ कधी पाहिले नाही. वाघिणींचा मत्सर मी पचवला. मग त्याच्या छोट्या आगगाड्यांच्या क्लबात बेरिल ॲक्रॉइड आली.

बेरिल सायकलच्या कारखान्यात दांड्यांवर सोनेरी रेघा ओढत असे. सेड्रिकच्या प्रवासी डब्यांवर केसाएवढ्या बारीक रेघा ओढायला ती दर गुरुवारी येऊ लागली. मी खाली केक भाजायची, वर दोघे हसायचे. मी ट्रे घेऊन गेले की गप्प.

"काय झालं एवढं हसायला?"

"काही नाही गं, गाडी घसरली," सेड्रिक म्हणायचा.

मी समोर असताना गाडी घसरली तर तो शिव्या द्यायचा.

टाऊन हॉलमधल्या प्रदर्शनात पाटी लागली, ‘सेड्रिक गार्सायड व बेरिल ॲक्रॉइड’. टेबलाभोवतीचा हिरवा पडदा मी शिवलेला होता. लोक माझ्याकडे चहा मागत होते. एक बाई बेरिलला म्हणाली, "तुम्हा नवराबायकोचं काम फार सुरेख आहे हो!" त्यावर "नाही" म्हणायला बेरिलने जेवढा वेळ घेतला, तेवढा मला आजही पुरून उरला आहे.

सेड्रिक गेल्यावर तिने डबे मागितले. "रेघा माझ्या आहेत," म्हणाली. "ओढल्या त्या माझ्या घरात," मी म्हटले आणि खोलीला कुलूप घातले.

३. गेल्या शरदात ती काठी टेकत दारात उभी राहिली. "मिसेस गार्सायड, डबे नकोत मला. एकदा गाडी धावताना तेवढी पाहू द्या."

मी वर नेले. तिने रूळ पुसले, चाकांतली धूळ काढली, डबे इंजिनाला जोडले. गाडी बोगद्यातून बाहेर आली तेव्हा मी सरळ विचारले, "तुमच्यात काय होतं?"

"माझ्या बाजूने होतं," ती गाडीवरची नजर न काढता म्हणाली. "त्याला कधी कळलंच नाही. एकदा मुद्दाम नवा ड्रेस घालून आले, तर म्हणाला, बाही सांभाळ, रंग ओला आहे."

मला आनंद झाला, पण तो टिकला नाही. "बाहीकडे तरी पाहिलं की त्याने!" मी तडकून म्हटले. "माझ्या कोटाच्या नशिबी तेही नव्हतं."

मग हसू कोणाला आधी फुटले ते सांगता येणार नाही. तेव्हापासून ती दर बुधवारी गाडी चालवायला येते आणि मला ‘विनी’ म्हणते.

४. सबब सर्व प्रवासी डबे, वाघिणी, इंजिने व रूळ बेरिल ॲक्रॉइड हिला द्यावेत. अपवाद, सेड्रिकने लग्नाआधी बनवलेली कोळशाची वाघीण. ती माझ्या शवपेटीत ठेवावी. त्याची एक तरी वस्तू अशी हवी, जिला बेरिलचा ब्रश लागलेला नाही.

५. बेरिलची नजर अधू झाल्यामुळे नाताळापासून दिवा धरायला क्लबातली ग्लेनिस हार्डकासल तिच्याबरोबर येते. ग्लेनिस आल्याचा केक आणते. बेरिलने तिच्याकडे त्याची कृती मागितली. माझ्या केकची इतक्या वर्षांत मागितली नव्हती. शिवाय यॉर्कच्या प्रदर्शनाला दोघी ग्लेनिसच्या मोटारीतून जाणार असे माझ्या कानावर आले. म्हणून वरील देणगीला अट घालते: ग्लेनिस हार्डकासल हिने एकाही डब्याला हात लावू नये. लावल्यास सगळी गाडी मुलांच्या इस्पितळाला द्यावी.

बेरिलने हा मसुदा भिंग लावून वाचला. "अगं वेडे, मोटारीत तुझीच जागा धरायला सांगितलीय मी तिला. पुढची. खोड ते कलम."

मी यॉर्कला जाणार आहे. कलम खोडणार नाही.

स्थळ: स्किप्टन. दिनांक: १४ मार्च २०१९.

सही: विनिफ्रेड गार्सायड

आम्हा दोघांच्या समक्ष बाईंनी स्वतः वाचून सही केली.
साक्षीदार: नॉर्मन पिकल्स, शेजारी
साक्षीदार: शीला मेटकाफ, वकिलांच्या कचेरीतून

(ग्लेनिस हार्डकासल यांनी साक्षीला यायची तयारी दाखवली होती. नको म्हणून कळवले. वि. गा.)