दुसऱ्या ब्रेकवरचा पाय

तीर्थस्वरूप भाऊजींच्या चरणांशी धाकट्या मेहुण्याचा साष्टांग नमस्कार. (नमस्कार करणारा, घेणारा आणि ते चरण, हे तीन वेगळे नाहीतच, हे तुम्हीच मला शिकवलंत. पण पत्र कुठून तरी सुरू करायला हवं.) इकडे सगळे बरे आहोत. उजवा गुडघा कसा आहे? खपली पडली का? तुम्ही म्हणजे देह नव्हे हे मला ठाऊक आहे, म्हणून तुमची चौकशी करत नाही, फक्त गुडघ्यापुरती करतो. ताईला म्हणावं, मलम लावताना फुंकर घालू नकोस, त्यांचा साक्षीभाव ढळतो.

पत्रास कारण की, येत्या सोमवारी आमचे मालक माझा निकाल लावणार आहेत. बावीस वर्षं मी ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकणाऱ्याच्या शेजारी बसलो, कुणाला साधा ओरखडा आला नाही, आणि आता तीन आठवडे मला ऑफिसात फोन उचलायला बसवलंय. सोमवारी एकतर गाडी परत मिळेल, नाहीतर कायमचं घरी. हे कसं झालं ते तुम्हाला माहीत आहे, तरी पहिल्यापासून सांगतो, कारण तुम्ही मालकांना दिलेल्या चार पानी तक्रारअर्जात सुरुवातीचा भाग नेमका गळालाय. (चार पानं! बारा वर्षं "कर्ता कुणीच नाही" असं सांगणाऱ्या माणसानं कर्त्याचं नाव, हुद्दा, गाडीचा नंबर, सगळं बिनचूक लिहिलंय. अक्षर मात्र सुरेख हो.)

आमच्या गाडीत माझ्या पायाशीही एक ब्रेक असतो. शिकणाऱ्याला वाटतं, आपण गाडी थांबवली. थांबवलेली असते मी. या धंद्यात माझा पाय इतका तरबेज झाला की बायको गरम पातेलं घेऊन वळली तरी जेवणाच्या टेबलाखाली तो ब्रेक दाबतो. दवाखान्याचा जिना उतरणाऱ्या अनोळखी म्हाताऱ्यासाठीही दाबतो. पोटरीत गोळे यायला लागले. डॉक्टर म्हणाले, विश्रांती घ्या. तुम्ही म्हणालात, हा पायाचा रोगच नाही, कर्तेपणाचा रोग आहे, आणि मला तुमच्या अद्वैताच्या सरांच्या वर्गाला घेऊन गेलात. मी डॉक्टरांचं ऐकलं असतं तर आज कुणाचाच गुडघा फुटला नसता.

सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की कुठेही पोहोचायचं नाही, आपण सगळे पोहोचलेलेच आहोत, प्रयत्न तेवढा सोडा. मी म्हटलं, झालं तर मग, निघतो. तर म्हणाले, बसा, आठ आठवड्यांचा वर्ग आहे, रोज पहाटे साडेपाचला, उशिरा येणाऱ्याला आत घेत नाही. वर एक वही दिली. दिवसभरात जितक्या वेळा प्रयत्न होईल तितक्या रेघा त्यात ओढायच्या. रेघ ओढणं हा प्रयत्न धरायचा की नाही, यावरून औषधांचे दुकानदार आणि एक निवृत्त टपालबाबू यांच्यात असं वाजलं की दोघांच्याही त्या दिवशी नव्वदच्या वर रेघा झाल्या. ज्याच्या रेघा कमी त्याला पुढच्या सतरंजीवर जागा. मग काय, कमी प्रयत्न करण्यासाठी माणसं जिवाचं रान करायला लागली. तुमचं शून्य होतं. त्या शून्याखाली तुम्ही सरांची सही घेतलीत आणि ते पान मला दाखवायला दोनदा घरी आलात. माझ्या रेघा एकशे चौदा. सर माझ्याकडे बघून नुसते हसले, आणि तुम्ही त्यांच्याहून जास्त हसलात. ते मला लागलं, भाऊजी. उगाच खोटं कशाला बोलू?

म्हणून त्या बुधवारी मी ठरवूनच वर्गातून थेट गाडीवर गेलो. शिकायला होत्या आमच्या बाई. निवृत्त मुख्याध्यापिका, वय बासष्ट. त्यांच्या धाकानं हजार पोरं सरळ झाली, पण क्लचला काही धाक बसेना. यजमानांची एक बाजू लुळी पडलीय, आठवड्यातून दोनदा त्यांना उपचाराला न्यावं लागतं, आणि दर वेळी शेजाऱ्याची मनधरणी. जन्मात कुणापुढे हात न पसरलेल्या बाईला ते किती जड जात असेल, बघा. परीक्षेत तीनदा नापास झाल्या होत्या. (नापास करणारा साहेब त्यांचाच जुना विद्यार्थी. त्यानं मान खाली घालून नापास केलं, पण केलं.)

तर गाडी सुरू झाली, मी सरांचं स्मरण केलं, ब्रेकवरचा पाय उचलला आणि सीटवर मांडी घालून बसलो. हा शुद्ध मूर्खपणा होता, आणि तो माझा होता. तो मी ब्रह्मावर ढकलत नाही. पहिला चौक गेला. शाळेसमोरचा गतिरोधक गेला. पोस्टाचं वळण गेलं. बाई पाढे म्हणावेत तशा स्वतःशीच आरसा, क्लच, गिअर म्हणत होत्या. सात मिनिटं! बावीस वर्षांत पहिल्यांदाच माझ्या शेजारी कुणीतरी खरोखर गाडी चालवत होतं. मला वाटलं सुटला, अखेर माझा प्रयत्न सुटला, आणि इतका आनंद झाला म्हणता! आनंद झाला की माणसं टाळ्या वाजवतात. माझ्या पायाला ब्रेकशिवाय दुसरं काही येतच नाही. मांडी मोडून त्यानं तो दाणकन दाबला.

त्याच क्षणी, वर्ग आटोपून प्रसन्न चित्तानं स्कूटरवरून येणारे एक पोहोचलेले गृहस्थ आमच्या डिकीवर येऊन पोहोचले. मागच्यानं अंतर राखावं असा नियम आहे. पण अद्वैतात अंतर कसलं, हे मला मान्य आहे. रस्त्यावर बसून तुम्ही "माझा गुडघा" तीनदा म्हणालात, "माझी स्कूटर" पाचदा, आणि मला उद्देशून जे म्हणालात ते एकदाच, पण दमदार. (वहीत रेघा ओढल्यात ना?) शेवटी बाई उतरल्या, म्हणाल्या, कांगावा पुरे, उभे राहा. आणि तुम्ही उभे राहिलात.

बाईंनी उरलेले तास दुसऱ्या शिक्षकाकडे केले. परीक्षेच्या दिवशी मी कुंपणाबाहेर उभा राहिलो आणि त्या उतारावर आल्या तेव्हा जीव खाऊन जमीन दाबली. पास झाल्या! काल त्यांनी यजमानांना स्वतः उपचाराला नेलं आणि सोबत म्हणून मला मागे बसवलं. वाटेत यजमानांनी आपला चांगला हात उचलून त्यांच्या खांद्यावर ठेवला. बाई म्हणाल्या, गाडी चालवताना बोलू नये. ते एक अक्षर बोलले नव्हते. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. दवाखान्याशी उतरताना लक्षात आलं की सबंध वाटेत पाय आपला बुटात पडून होता, आणि मला त्याची आठवणही झाली नव्हती. हे सरांना सांगू नका. ते वहीत लिहायला लावतील.

लोभ आहे तो राहू द्यावा. तो सोडून झाला असेल तर निदान राग सोडावा.

आपला मेहुणा
(सध्या मुक्काम टेलिफोनशेजारी)

ता. क. : तेवढा तक्रारअर्ज सोमवारच्या आत मागे घ्या. तुम्हाला काडीचाही प्रयत्न पडणार नाही. मालकांना फोन मी लावून देतो, तुम्ही फक्त "हो" म्हणायचं. शून्याला धक्का नाही.

आणखी एक ता. क. : ताईनं काल आमच्या स्कूलमध्ये नाव घातलं. शिक्षक म्हणून माझंच नाव दिलंय, पहिला तास मंगळवारी. भाऊजींना विचारलंस का, म्हटलं, तर म्हणाली, विचारणारी कोण आणि परवानगी देणारा कोण, बारा वर्षं घरात हेच ऐकतेय. सोमवारी मला घरी बसवलं तर ती तुमच्याकडूनच शिकणार आहे, तुमच्या दारातल्या गाडीवर. ठरलंय तिचं. त्या गाडीत तुमच्या बाजूला ब्रेक नाही, एवढं फक्त ध्यानात असू द्या.